टॅब उघडू देण्याआधी हातात कागद द्या

प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी अकरावीतल्या मुलीच्या अभ्यासासाठी दुकानातून २३,५०० रुपयांचा नवा टॅब घेतला. सहाव्या दिवशी लक्षात आलं की पडद्याच्या उजव्या कडेची बोटभर रुंदीची उभी पट्टी स्पर्शच घेत नाही. आठव्या दिवशी दुकानात गेल्या, तर उत्तर मिळालं, "बदलून द्यायचं ते तीन दिवसांत. आता सर्व्हिस सेंटरला जा, आमचा संबंध संपला." सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "वॉरंटीत आहे, ठेवून जा, पॅनेल बदलून देतो." आज नववा दिवस. ताई विचारतात की नवी वस्तू घेतली ती दुरुस्त करून का वापरायची, आणि दुकानदार ती बदलून देईल का?

ताई, टॅब अजून तुमच्या घरी आहे ना? मग तो सर्व्हिस सेंटरला ठेवू नका. निदान आज तरी नाही. बदलून मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण तो एकदा उघडला गेला की ती निम्म्याने कमी होते. बाकीचं सगळं सावकाश वाचा, एवढं मात्र आधी लक्षात घ्या.

मी बारा वर्षं एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसले आणि गेली नऊ वर्षं ग्राहक मार्गदर्शनाचं काम करते आहे. काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. एक प्राथमिक शिक्षक सहाव्या दिवशी टॅब घेऊन आले होते. खोका, चार्जर, केबल, सिमची पिन, इतकंच काय, पडद्यावरचा प्लास्टिकचा पातळ कागदसुद्धा त्यांनी घडी घालून खोक्यात जपून ठेवला होता. "काय करायचं?" असं त्यांनी विचारलं आणि मी रोजच्या सवयीने म्हटलं, "ठेवून जा, बघतो." जॉब शीट, म्हणजे टॅब दुरुस्तीला घेतल्याची नोंदपावती केली, टॅब आत गेला. तंत्रज्ञाने पॅनेल गरम करून उचललं, आतला जोड तपासला आणि पॅनेल मागवलं. दोन दिवसांनी गुरुजी आले आणि म्हणाले, "मला दुरुस्त नको, नवा हवा." तोवर उशीर झाला होता. कंपनीच्या नियमात उघडलेला नग बदलीला पात्र नव्हता. त्यांची मुदत संपायला एक दिवस बाकी असताना ते आमच्याकडे आले होते, आणि तो दिवस आम्ही वापरून टाकला. मी त्यांना फक्त एक वाक्य आधी सांगायला हवं होतं. तेच आता प्रत्येकाला सांगते.

या धंद्यात 'डीओए' नावाची गोष्ट आहे. डेड ऑन अरायव्हल, म्हणजे हातात आला तेव्हाच बिघडलेला. नवा नग ठरावीक दिवसांत सदोष निघाला तर अधिकृत सर्व्हिस सेंटर तो न उघडता तपासतं आणि डीओए प्रमाणपत्र देतं. ते प्रमाणपत्र, पूर्ण खोका आणि बिलाची प्रत जोडून दुकानदार तो नग वितरकाकडे पाठवतो आणि त्याला बदली नग मिळतो. ही मुदत ब्रँडप्रमाणे बदलते. माझ्या पाहण्यात सात दिवसांची मुदत सर्वांत जास्त वेळा आली, काहींची त्याहून मोठीही असते. खरेदी कधी झाली हे कंपनी बिलावरून तर पाहतेच, शिवाय टॅब पहिल्यांदा इंटरनेटला जोडला ती तारीखही तिच्याकडे नोंदलेली असते.

म्हणजे दुकानदार "सर्व्हिस सेंटरला जा" म्हणतो तेव्हा तो दर वेळी टोलवाटोलवीच करतो असं नाही. त्या प्रमाणपत्राशिवाय वितरक त्याचा नग परत घेत नाही. एका टॅबमागे त्याच्या हाती फार थोडं पडतं, आणि प्रमाणपत्र नसेल तर अख्खा टॅब त्याच्या अंगावर येतो. त्याची ही अडचण खरी आहे. पण ती त्याची आणि कंपनीची आपसातली अडचण आहे. डीओएची मुदत त्या दोघांनी ठरवली, त्यात तुमची सही नाही. पैसे तुम्ही दुकानदाराला दिलेत, बिल त्याने दिलंय, व्यवहार तुमचा त्याच्याशी झालाय.

आता दुकानात परत जाण्याआधी घरी एक संध्याकाळ द्या. टॅब खरोखरच सदोष आहे ना, याची आधी स्वतःची खात्री करून घ्या. टच बिघडला म्हणून आलेल्या टॅबपैकी बऱ्याच जणांचा टॅब ठीकच असायचा. दोष वर चिकटवलेल्या स्क्रीन गार्डमध्ये असायचा किंवा चार्जरमध्ये. स्वस्त चार्जर लावला असताना पडदा वेड्यासारखा वागतो, आपोआप टिचक्या पडतात, आणि चार्जर काढला की सगळं सुरळीत. म्हणून स्क्रीन गार्ड आणि कव्हर काढा, चार्जर काढा, टॅब बंद करून चालू करा, आलेलं सॉफ्टवेअर अपडेट टाका. एकदा सेफ मोडमध्ये चालवून बघा, म्हणजे बाहेरून टाकलेल्या ॲपचा प्रश्न आहे का ते कळतं. तुमच्या बाबतीत ठरावीक पट्टी कायम मुकी आहे, त्यामुळे दोष पॅनेलचाच असावा. तरी हे सगळं करा, कारण काउंटरवर पहिला प्रश्न हाच येणार आहे, "रीसेट करून पाहिलं का?"

मग दोष दिसेल असा दाखवा. सगळ्यात सोपी रीत सांगते. मुख्य पडद्यावरचं एखादं चिन्ह बोटाने दाबून धरा आणि न सोडता डावीकडून उजवीकडे ओढत न्या. मुक्या पट्टीवर बोट पोचलं की चिन्ह बोटाखालून सुटतं आणि तिथंच पडतं. पडद्याच्या वरच्या टोकाला, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी करा. दर वेळी एकाच रेषेवर सुटलं तर वाद घालायला जागाच उरत नाही. त्याहून पक्कं दाखवायचं तर सेटिंग्जमध्ये 'अबाउट टॅबलेट'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यात 'पॉइंटर लोकेशन' चालू केलं की बोट फिरेल तशी रेघ उमटते आणि मुक्या पट्टीवर ती तुटते. हे दोन्ही दुसऱ्या मोबाइलने एका सलग व्हिडिओत टिपा. व्हिडिओची सुरुवात खोक्यावरच्या सिरीयल नंबरापासून करा, मग टॅबच्या सेटिंग्जमधला सिरीयल नंबर दाखवा, मग दोष. सिमचा टॅब असेल तर आयएमईआय नंबरही घ्या. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय नसतो, तिथे सिरीयल नंबरच महत्त्वाचा. बिलावर, खोक्यावर आणि टॅबमध्ये तिन्ही ठिकाणी नंबर एकच आहे ना, हेही आत्ताच बघा. बिलावर नंबर चुकीचा पडलेला असतो तेव्हा पुढे फार त्रास होतो.

चारही कडा, कोपरे, मागची बाजू आणि चार्जिंगचं भोक यांचे उजेडात फोटो काढा. ते कशासाठी, ते पुढे सांगते.

आणि ताई, हे जिवावर येईल, पण आजपासून त्या टॅबवर मुलीचा अभ्यास बंद. तिची सोय चार दिवस दुसऱ्या कशावर तरी करा. "वस्तू सदोष आहे, मला नको" असं म्हणायचं आणि रोज वापरायचीही, हे जुळत नाही. यामागे कायदा आहे. मालविक्री कायदा, १९३० याच्या कलम ४२ प्रमाणे घेणाऱ्याने नकार न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरलं जातं. आणि माल एकदा स्वीकारला की कलम १३ प्रमाणे सर्वसाधारणपणे तो परत करण्याचा हक्क जातो, नुकसानभरपाई तेवढी मागता येते. म्हणून नकार लवकर कळवायचा आणि लेखी कळवायचा. कलम ४३ हेही सांगतं की असा नाकारलेला माल तुम्हीच उचलून दुकानात नेऊन पोचवला पाहिजे असं बंधन नाही. नकार कळवला की पुरे. निमूटपणे दुरुस्तीला दिलेला टॅब म्हणजे स्वीकारलेला टॅब, असं समोरचा वकील पुढे म्हणू शकतो, आणि गुरुजींच्या बाबतीत तेच झालं असतं.

दुकानदाराच्या 'तीन दिवसां'बद्दल. बिल काढा आणि त्यावर खरंच काय छापलंय ते वाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलंय. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत नकार देणं, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत नकार देणं, ही त्यातली एक. बहुतेक बिलांवर मुदत नसतेच. असतं ते जुनंच वाक्य, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ही मुदत नव्हे, आणि सदोष मालापुढे या वाक्याला काही किंमतही नाही. तेव्हा बिलावर तीन दिवस छापलेले नसतील तर तुमचे अजून २१ दिवस शिल्लक आहेत. दुकानदार तोंडी काय म्हणतो त्याला इथे महत्त्व नाही.

बिलावर तीन दिवस छापलेलेच असतील तर? मग या एका कलमापुरती दुकानदाराची बाजू थोडी वजनदार होते, हे मी लपवणार नाही. पण वस्तू सदोष निघाल्याची तक्रार त्याने संपत नाही. ती याच अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत करता येते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. "नवी वस्तू बिघडली की बदलून मिळणं हा माझा हक्कच," असं लोक मांडतात, ते पूर्ण खरं नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये ग्राहक आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो. त्यातलं काय, ते आयोग ठरवतो. कंपन्यांचे वकील २००६ चा मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हमखास पुढे करतात. त्यात वॉरंटीच्या अटींप्रमाणे सदोष भाग बदलून देता येतो, सगळी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. टॅबमध्ये पॅनेल हा भागच, असं म्हणायला ते मोकळे आहेत. म्हणूनच मी एवढ्या कळकळीने सांगते की पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, टॅब न उघडलेला असताना, वापर थांबवून, नकार लेखी दिलेला असेल तर तुमची गोष्ट वेगळी होते. तुम्ही वॉरंटीतली दुरुस्ती मागत नाही, विकलेली वस्तूच नाकारताय. सहा महिने वापरून तिसऱ्या दुरुस्तीनंतर बदली मागणाऱ्यालाही न्याय मिळतो, पण त्याला दर वेळेच्या जॉब शीटची चळत जमवावी लागते.

तेव्हा कागद. दुकानदाराला देण्याचं पत्र एका पानाचं पुरे. मी लिहून देते ते साधारण असं असतं:

"प्रति, मालक / व्यवस्थापक, (दुकानाचे नाव व पत्ता). विषय: दि. … रोजी बिल क्र. … ने घेतलेला सदोष टॅब बदलून मिळणेबाबत. महोदय, वरील बिलाने मी आपल्याकडून … हा टॅब (सिरीयल क्र. …) रु. २३,५०० देऊन घेतला. सहाव्या दिवशी पडद्याच्या उजव्या कडेची उभी पट्टी स्पर्श घेत नाही असे आढळले. दि. … रोजी मी टॅब घेऊन दुकानात आले व दोष दाखवला, तेव्हा आपण बदलून देण्यास नकार दिला. टॅब पडलेला, भिजलेला किंवा कुठेही उघडलेला नाही. सदोष म्हणून मी हा टॅब स्वीकारण्यास नकार देत आहे. दुरुस्ती मला मान्य नाही. हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत त्याच मॉडेलचा नवा, सीलबंद टॅब द्यावा किंवा रु. २३,५०० परत करावेत. तसे न झाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

बिलाची झेरॉक्स जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-सही-तारीख घेऊन पोच घ्या. सही द्यायला नकार दिला तर भांडू नका, तिथून थेट पोस्टात जा आणि स्पीड पोस्टने पाठवा. पावती आणि पोचल्याची नोंद जपा. तेच पत्र फोटो काढून दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आणि कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवरही टाका. कंपनीला कळवणं महत्त्वाचं आहे. दुकानदाराला वितरकाकडून मुदत टळल्यावरचा नग बदलून घ्यायचा तर कंपनीच्या विभागीय कार्यालयाची खास मंजुरी लागते, आणि ती मंजुरी कागद पाहून निघते. ग्राहकाचं लेखी पत्र हातात असलं की दुकानदारच कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला फोन लावतो आणि म्हणतो, "बघा, प्रकरण वाढतंय, अप्रूव्हल काढा." मी हे दुकानाच्या बाजूनेही ऐकलंय. म्हणून पत्राची भाषा कडक असली तरी दुकानात बोलताना आवाज चढवू नका. "तुमचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही, या पत्रावर तुम्हालाच कंपनीकडून बदलून मिळेल," असं सांगा. काम लवकर होतं.

दुकानदार तयार झाला आणि म्हणाला की फक्त सर्व्हिस सेंटरची तपासणी करून आणा, तर जरूर जा. त्यात तुमचाही फायदा आहे, दोष आहे असं अधिकृत माणसाने लिहून दिलेलं मिळतं. पण तिथे दोन गोष्टी घट्ट धरा. एक म्हणजे काउंटरवर पोचताच सांगा, "डीओए तपासणीसाठी आणलाय, उघडायचा नाही, माझ्यासमोर तपासा." दुसरी, जॉब शीटवर सही करण्याआधी ती शब्द न् शब्द वाचा. 'तक्रार' या रकान्यात आमच्याकडे घाईघाईने 'टच इश्यू' एवढंच लिहिलं जायचं. तुम्ही लिहायला लावा: "नवीन, खरेदीचा नववा दिवस, उजव्या कडेची पट्टी टच घेत नाही, ग्राहकाला बदली हवी, टॅब उघडण्यास संमती नाही." त्याखाली 'नगाची स्थिती' असा रकाना असतो. तिथे 'स्क्रॅचेस', 'मायनर डेंट' हे शब्द हाताच्या सवयीने पडतात, कारण सेंटरला आपली बाजू सुरक्षित ठेवायची असते. टॅबवर ओरखडा नसताना ते पडले तर तिथल्या तिथे खोडायला सांगा आणि काढून ठेवलेले फोटो दाखवा. शारीरिक इजा अशी एक नोंद झाली की बदलीचा रस्ता बंद होतो, पुष्कळदा वॉरंटीचाही. संगणकात बदलता येत नाही म्हणाले तर छापील प्रतीवर हाताने लिहा, "कोणताही ओरखडा किंवा पोचा नाही," आणि त्याखाली सही करा.

टॅबची बॅटरी फुगून मागची बाजू उचललेली असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. चार्जिंग ताबडतोब बंद करा, उशी-गादीवर ठेवू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

हप्त्यांवर घेतला असेल तर एक सावधगिरी. रागाने हप्ता थांबवू नका. कर्ज वित्त कंपनीचं, भांडण दुकानदाराशी, आणि हप्ता चुकला की सिबिलवर डाग तुमच्या नावाचा. टॅब बदलून मिळाला तर नव्या सिरीयल नंबरची नोंद कर्जाच्या कागदावर करून घ्या. पैसे परत मिळणार असतील तर दुकानदाराने कर्ज रद्द करायला सांगितल्याचं आणि भरलेले हप्ते परत येणार असल्याचं लेखी घ्या. आणखी एक, बिल कुणाच्या नावाने आहे? घरच्या धंद्याच्या जीएसटी नंबरावर फाडलं असेल तर "वस्तू व्यापारी कामासाठी घेतली, हे ग्राहकच नाहीत," असा बचाव घेतला जातो. मुलीच्या शिक्षणासाठीची वस्तू स्वतःच्या नावानेच घ्यावी.

सात दिवसांत काही हललं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, तक्रारीचा क्रमांक मिळतो. इथे एक अनुभवाची गोष्ट. हेल्पलाइन आदेश देत नाही, ती तक्रार समोरच्याकडे पाठवून उत्तर मागवते. मोठ्या कंपन्या या व्यवस्थेला जोडलेल्या आहेत, गावातलं दुकान बहुधा नसतं. त्यामुळे तक्रारीत दुकानाबरोबर टॅबच्या कंपनीचं नाव नक्की घाला. फक्त दुकानाचं घातलं तर ती बरेचदा नुसतीच पडून राहते. टॅब ऑनलाइन घेतलेल्यांसाठी रस्ता थोडा सरळ आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं, आणि सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. नाव ऐकून घाबरू नका. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीच्या वस्तूला शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. २०२५ पासून ई-जागृती या पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीत सामनेवाला क्रमांक १ दुकानदार, क्रमांक २ कंपनी. दोघांनाही घ्या, नाहीतर प्रत्येक जण अनुपस्थित असलेल्या दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बिल, पत्र, पोच, जॉब शीट, हेल्पलाइनचा क्रमांक, फोटो आणि प्रतिज्ञापत्र, एवढी कागदपत्रं. व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचे संदेश जोडताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा, म्हणजे त्यावर हरकत उरत नाही. मागणी साधी ठेवा: टॅब बदलून किंवा पैसे व्याजासह, मनस्तापाची रास्त भरपाई आणि तक्रारीचा खर्च. २३,५०० च्या टॅबला पाच लाखांची भरपाई मागितली की गंभीरपणे मांडलेली तक्रारही हलकी वाटते. दोष आहे की नाही यावरच वाद झाला तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने सांगितलेत. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, ती तयारी ठेवा. पण माझ्याकडे आलेल्या टॅब-मोबाइलच्या बऱ्याच तक्रारी आयोगाची नोटीस दुकानात पोचल्यावर आठवड्याभरात तडजोडीने मिटल्या आहेत.

बदलून मिळायचा दिवस आला की घाई करू नका. जुना टॅब देण्याआधी मुलीच्या नोंदी आणि फोटो उतरवून घ्या, मग सेटिंग्जमधून गुगल खातं काढा आणि नंतरच रीसेट मारा. खातं न काढता टॅबच्या बटणांवरून रीसेट केला तर तो तुमच्या खात्याला कुलूपबंद राहतो, वितरक तो परत करतो आणि दुकानदार पुन्हा तुमच्या दारात. आयपॅड असेल तर 'फाइंड माय' बंद करावं लागतं.

नव्या टॅबचा खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा. जुन्या बिलावर पेनाने नंबर खोडून नवा लिहिलेला चालवून घेऊ नका. जुन्या बिलाची क्रेडिट नोट, म्हणजे ती रक्कम तुमच्या नावे परत जमा केल्याचा कागद, आणि नव्या सिरीयल नंबरचं नवं बिल मागा, वॉरंटी कोणत्या तारखेपासून तेही त्यावर लिहून घ्या. आणि काउंटरवरून निघण्याआधी टॅब चालू करा, एक चिन्ह बोटाने धरा आणि सावकाश उजव्या कडेपर्यंत ओढत न्या. वर एकदा, मध्ये एकदा, खाली एकदा.